रॅम एवढी महाग का झाली? मायक्रॉन कंपनीचा धंदा आणि तिचे आकडे, सोप्या भाषेत



जुलै २०२५ मध्ये मी माझ्या लॅपटॉपसाठी १६ जीबी रॅमची किंमत विचारून आलो होतो. घाई नव्हती, म्हणून "पुढच्या पगाराला बघू" असं म्हणून सोडून दिलं. डिसेंबरमध्ये त्याच दुकानात गेलो, तर त्याच रॅमचा भाव दुपटीहून जास्त सांगितला. वर दुकानदार म्हणाला, "साहेब, आजचा भाव आजच. उद्या फोन केलात तर हाच मिळेल असं नाही." रॅमचा भाव असा कांद्यासारखा सांगितलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

त्याच आठवड्यात माझ्या मावसभावाचा मेसेज आला. "दादा, नवीन फोन घ्यायचाय. १२ जीबीवाला बजेटच्या बाहेर गेला. ८ जीबी पुरेल का?"

या दोन्ही गोष्टींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, ते म्हणजे मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या हिशोबात. जगात रॅमचा बहुतांश माल तीनच कंपन्या बनवतात. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. सॅमसंग फोन, टीव्ही, फ्रिज असं बरंच काही विकते, त्यामुळे तिच्या हिशोबातून फक्त मेमरीचं चित्र वेगळं काढणं जरा अवघड जातं. मायक्रॉन मात्र जवळजवळ पूर्णपणे मेमरीवरच जगते. म्हणून आज आपण मायक्रॉन समजून घेऊ. ती समजली की तुमच्या पुढच्या फोनची किंमत कशी ठरते तेही समजेल.

आधी मूळ गोष्ट: रॅम आणि स्टोरेज यात फरक काय?

मायक्रॉन मुख्यतः दोन प्रकारच्या चिप बनवते.

पहिली डीरॅम. आपण जिला नुसतं रॅम म्हणतो ती हीच. डीरॅमची प्रत्येक पेशी म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक छोटा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विजेचा भार असला तर १, नसला तर ०. ही कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६० च्या दशकातली. गंमत म्हणजे हा भार सतत गळत असतो, भोक पडलेल्या बादलीसारखा. म्हणून चिपला प्रत्येक पेशी पुन्हा पुन्हा भरावी लागते, साधारणपणे ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा. तुमच्या ८ जीबी रॅममध्ये अशा जवळपास ६,९०० कोटी पेशी असतात. फोन बंद केला की सगळं रिकामं.

दुसरी नँड फ्लॅश, म्हणजे तुमच्या फोनचं १२८ किंवा २५६ जीबी स्टोरेज. यात भार अडकवून ठेवलेला असतो, त्यामुळे फोन बंद झाला तरी फोटो जागेवर राहतात. नँड स्वस्त पडते, पण डीरॅमपेक्षा खूप हळू चालते.

मायक्रॉनची मोठी कमाई डीरॅममधून होते. नोव्हेंबर २०२५ ला संपलेल्या तिमाहीत तिच्या एकूण महसुलापैकी जवळपास ७९ टक्के डीरॅमचा होता आणि साधारण २० टक्के नँडचा.

मायक्रॉन आली कुठून?

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात बॉइसी नावाचं शहर आहे. हे राज्य बटाट्यासाठी प्रसिद्ध. १९७८ मध्ये तिथे एका डेंटिस्टच्या दवाखान्याच्या तळघरात चार जणांनी ही कंपनी सुरू केली. सुरुवातीला त्यांना पैसा दिला तोही एका बटाटेवाल्याने. जे. आर. सिम्प्लॉट हे तिथले मोठे बटाटा उद्योजक, मॅकडोनल्ड्सला फ्रोझन फ्राइज पुरवणारे. त्यांनी १९८० मध्ये सुमारे १० लाख डॉलर गुंतवले. १९८४ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

तेव्हा डीरॅम बनवणाऱ्या कंपन्या खूप होत्या. जपानी कंपन्यांनी भाव एवढे पाडले की १९८५ मध्ये इंटेलने, म्हणजे ज्या कंपनीची सुरुवातच मेमरी चिपने झाली होती तिने, डीरॅमचा धंदा सोडला. पुढे एकेक करून बाकीच्या गळाल्या. जर्मनीची किमोंडा २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. जपानची एल्पिडा २०१२ मध्ये गेली आणि २०१३ मध्ये मायक्रॉननेच ती विकत घेतली. त्याआधी १९९८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा मेमरीचा धंदाही मायक्रॉनने घेतला होता.

२०१७ पासून कंपनीचे प्रमुख आहेत संजय मेहरोत्रा. जन्म कानपूरचा, काही काळ बिट्स पिलानीत शिकले, मग अमेरिकेत बर्कलीला गेले. तुमच्या मेमरी कार्डवर सॅनडिस्क हे नाव असेल, तर त्या कंपनीच्या संस्थापकांपैकीही ते एक.

हा धंदा कांद्यासारखा का चालतो?

आता मुख्य मुद्दा. आयफोन महाग असला तरी लोक आयफोनच मागतात. प्रोसेसरमध्येही ब्रँडला महत्त्व आहे. रॅमचं तसं नाही. सगळ्या कंपन्या ठरलेल्या स्टँडर्डनुसार चिप बनवतात. तुमच्या फोनमधली एलपीडीडीआर५एक्स रॅम सॅमसंगची आहे, हायनिक्सची की मायक्रॉनची, हे तुम्हाला माहीतही नसतं. फोन कंपनी जिच्याकडून भाव आणि माल नीट मिळेल तिच्याकडून घेते. म्हणजे भाव ब्रँड ठरवत नाही, बाजार ठरवतो.

दुसरी अडचण वेळेची. चिपचा नवा कारखाना, ज्याला फॅब म्हणतात, उभा करायला कित्येक वर्षं आणि हजारो कोटी डॉलर लागतात. चालू फॅबमध्येसुद्धा सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, आत गेल्यापासून तयार माल बाहेर पडायला काही महिने जातात. आणि फॅब बंद ठेवून फारसं वाचत नाही, कारण सगळा खर्च यंत्रांवर आधीच होऊन गेलेला असतो.

मग होतं काय, तर भाव चांगला मिळाला की सगळेच क्षमता वाढवतात. दोन-तीन वर्षांनी सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. मग सगळे हात आखडता घेतात. माल कमी पडतो आणि भाव पुन्हा चढतो. ज्याच्या घरी शेती आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. बटाट्याच्या धंद्यातला माणूस या कंपनीच्या मागे उभा राहिला, याचं मला म्हणूनच फार आश्चर्य वाटत नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. कांदा पिकवणारे लाखो आहेत, डीरॅम बनवणारे मोठे तीनच. विकणारे इतके कमी असले की संशय येतोच, आणि तो एकदा खराही ठरला आहे. २००० च्या आसपास डीरॅमचे भाव संगनमताने ठरवल्याबद्दल अमेरिकेत सॅमसंग, हायनिक्स, इन्फिनिऑन या कंपन्यांना कोट्यवधी डॉलरचे दंड झाले. एकट्या सॅमसंगला ३० कोटी डॉलर. मायक्रॉनही त्यात होती, पण तिने सरकारी तपासाला सहकार्य केलं म्हणून ती दंडातून सुटली. चीनची सीएक्सएमटी ही कंपनी आता या क्षेत्रात पुढे येत आहे, पण वरच्या तिघांची पकड अजून घट्ट आहे.

२०२३: विकावं तेवढा तोटा

आता आकडे बघू. मायक्रॉनचं आर्थिक वर्ष ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला संपतं, हे ध्यानात ठेवा. १०० कोटी म्हणजे १ अब्ज, हेही.

आर्थिक वर्ष २०२२: महसूल ३,०७६ कोटी डॉलर, निव्वळ नफा ८६९ कोटी डॉलर.
आर्थिक वर्ष २०२३: महसूल १,५५४ कोटी डॉलर, निव्वळ तोटा ५८३ कोटी डॉलर.
आर्थिक वर्ष २०२४: महसूल २,५११ कोटी डॉलर, निव्वळ नफा सुमारे ७८ कोटी डॉलर.
आर्थिक वर्ष २०२५: महसूल ३,७३८ कोटी डॉलर, निव्वळ नफा ८५४ कोटी डॉलर.

२०२२ वरून २०२३ मध्ये महसूल थेट निम्मा झाला. का? कोविडच्या काळात सगळ्यांनी लॅपटॉप आणि फोन घेऊन ठेवले होते. ऑनलाइन शाळा, वर्क फ्रॉम होम, आठवतंय ना? कंपन्यांनीही भरपूर रॅमचा साठा करून ठेवला होता. मग मागणी थंडावली. फोन कंपन्यांकडे आधीचाच माल पडून, नवा कोण घेणार?

त्या वर्षी मायक्रॉनचं ग्रॉस मार्जिन उणे ९ टक्क्यांच्या आसपास होतं. ग्रॉस मार्जिन म्हणजे काय, तर माल विकून आलेल्या पैशातून फक्त तो माल बनवण्याचा खर्च वजा केल्यावर जे उरतं ते. ऑफिस, संशोधन, व्याज हे सगळं अजून बाजूलाच. तेच उणे! म्हणजे १०० रुपयांची चिप विकायची आणि ती बनवायला १०९ रुपये आलेले. एका तिमाहीत तर गोदामातल्या मालाची किंमत पडली म्हणून १४३ कोटी डॉलर हिशोबातून उडवावे लागले.

कंपनीने आधी १० टक्के कर्मचारी कमी करायचं जाहीर केलं, नंतर तो आकडा १५ टक्क्यांपर्यंत नेला. उत्पादनासाठी नवे वेफर घेणं जवळपास ३० टक्क्यांनी कमी केलं. त्यातच मे २०२३ मध्ये चीन सरकारने आपल्या महत्त्वाच्या पायाभूत सेवांमध्ये मायक्रॉनचा माल घेऊ नका असा आदेश काढला.

तरीही त्याच वर्षी कंपनीने यंत्रं आणि कारखान्यांवर ७०० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. तोट्यात असताना एवढा खर्च वेडेपणा वाटतो. पण या धंद्यात जो मंदीत तंत्रज्ञानात मागे पडतो तो तेजी यायच्या आत संपतो. किमोंडा आणि एल्पिडा मंदीतच बुडाल्या होत्या.

सगळ्याच कंपन्यांनी उत्पादन कमी केलं. आणि नेमकं तेव्हाच मागणीच्या बाजूने कोणाच्याही अंदाजापेक्षा मोठी गोष्ट सुरू झाली होती.

एआय आलं आणि रांग बदलली

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. त्यानंतर जगभरात एआयसाठी डेटा सेंटर उभारायची शर्यत लागली. आपण सगळे एनव्हिडियाच्या जीपीयूबद्दल बोलतो, पण जीपीयू कितीही वेगवान असला तरी त्याला डेटा तेवढ्याच वेगाने मिळायला हवा. हे काम करते एचबीएम नावाची मेमरी.

एचबीएम म्हणजे डीरॅमच्याच पातळ चिप एकावर एक ८ किंवा १२ थर रचून, त्यांच्यातून उभी सूक्ष्म भोकं पाडून जोडलेल्या. चाळीच्या एका मजल्याऐवजी टॉवर बांधावा तसं. हा टॉवर जीपीयूच्या अगदी शेजारी बसवतात. मायक्रॉनच्या एचबीएम३ई चिपचा एक टॉवर सेकंदाला १.२ टेराबाइटहून जास्त डेटा देऊ शकतो.

आता एक साधा हिशोब करू. एनव्हिडियाच्या एच२०० या एका जीपीयूमध्ये १४१ जीबी एचबीएम असते. १२ जीबी रॅमच्या जवळपास बारा फोनएवढी. पण गोष्ट इथे संपत नाही. मायक्रॉनच्याच म्हणण्यानुसार, तेवढीच मेमरी साध्या डीडीआर५ ऐवजी एचबीएम३ई म्हणून बनवायची तर साधारण तिप्पट वेफर लागतात. म्हणजे ढोबळमानाने त्या एका जीपीयूने पस्तीसेक फोनच्या रॅमची जागा फॅबमध्ये खाल्ली.

आणखी एक गोष्ट मला हे वाचेपर्यंत माहीत नव्हती. एनव्हिडियाचा ग्रेस नावाचा सर्व्हर प्रोसेसर एलपीडीडीआर५एक्स रॅम वापरतो. ही तीच कमी वीज खाणारी रॅम, जी मुळात फोनसाठी बनली. एका ग्रेस प्रोसेसरसोबत ४८० जीबीपर्यंत अशी रॅम लागते. १२ जीबीचे चाळीस फोन झाले! म्हणजे डेटा सेंटर आता आपल्या फोनच्या रांगेत येऊन उभं राहिलंय, आणि त्याच्या हातात आपल्यापेक्षा बरीच मोठी पिशवी आहे.

डिसेंबर २०२५ चे आकडे काय सांगतात?

मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये आर्थिक वर्ष २०२६ च्या पहिल्या तिमाहीचे निकाल जाहीर केले. ही तिमाही २७ नोव्हेंबर २०२५ ला संपली.

महसूल: १,३६४ कोटी डॉलर. वर्षभरापूर्वी याच तिमाहीत ८७१ कोटी होता.
निव्वळ नफा: ५२४ कोटी डॉलर. वर्षभरापूर्वी १८७ कोटी.
ग्रॉस मार्जिन: ५६ टक्के.
पुढच्या तिमाहीचा कंपनीचा अंदाज: महसूल सुमारे १,८७० कोटी डॉलर.

हा शेवटचा आकडा पुन्हा बघा. तीन महिन्यांत १,८७० कोटी. आणि आर्थिक वर्ष २०२३ चा पूर्ण बारा महिन्यांचा महसूल होता १,५५४ कोटी. कंपनी तीच, चिपही बऱ्याच अंशी त्याच जातीच्या.

हा पैसा आला कुठून? त्या तिमाहीत मायक्रॉनने आधीच्या तिमाहीपेक्षा डीरॅमचा माल थोडासाच जास्त विकला. पण डीरॅमचे भाव एकाच तिमाहीत जवळपास २० टक्क्यांनी वाढले. म्हणजे वाढ प्रामुख्याने भावातून आली. वाढलेला भाव थेट नफ्यात उतरतो, कारण चिप बनवायचा खर्च त्याने वाढत नाही. २०२३ मध्ये हेच उलट्या दिशेने झालं होतं.

विभागवार बघितलं तर मोठ्या क्लाउड कंपन्यांसाठीच्या मेमरीचे ५२८ कोटी डॉलर, फोन आणि लॅपटॉपच्या विभागाचे ४२६ कोटी, इतर डेटा सेंटरचे २३८ कोटी, आणि गाड्या व एम्बेडेड उपकरणांचे १७२ कोटी. क्लाउड आणि डेटा सेंटर मिळून निम्म्याहून जास्त झाले.

निकालांच्या वेळी कंपनीने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, २०२६ या पूर्ण वर्षात बनणारी एचबीएम भावासकट आधीच विकून झाली आहे. दोन, काही मोठ्या ग्राहकांची जेवढी मागणी आहे तिच्यातली निम्मी ते दोन तृतीयांशच पुरवता येईल, आणि ही टंचाई २०२६ नंतरही राहील असं कंपनीला वाटतं.

मग आपला नंबर कुठे?

३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशल हा ब्रँड दुकानांतल्या ग्राहकांसाठी बंद करणार. ज्यांनी कधी स्वतः पीसी जोडलाय किंवा लॅपटॉपची रॅम वाढवलीय त्यांना क्रुशल माहीत असेलच. जवळपास २९ वर्षं चाललेला ब्रँड. फेब्रुवारी २०२६ च्या शेवटापर्यंत माल पाठवू, जुन्या मालाची वॉरंटी चालू राहील, असं कंपनीने सांगितलं. कारणही सरळ सांगितलं, की डेटा सेंटरची मागणी वाढलीय आणि मोठ्या ग्राहकांना माल पुरवायचा आहे.

कंपनीच्या जागी बसून बघितलं तर यात चूक काढता येत नाही. एका बाजूला वर्षभराचा माल आधीच बुक करणारा ग्राहक, दुसऱ्या बाजूला महिनाभर विचार करून एक रॅम घेणारा मी. पण आपल्या बाजूने बघितलं तर फॅबमधल्या रांगेत आपण मागे सरकलो, हेही तितकंच खरं आहे. लहान फोन कंपन्यांचं दुखणं तर आणखी मोठं. स्वस्त फोनमध्ये नफा आधीच कमी असतो, त्यात रॅम आणि स्टोरेज दोन्ही महागले तर किंमत वाढवायची किंवा रॅम कमी करायची, एवढेच रस्ते उरतात. मावसभावाच्या मेसेजमागे हे आहे.

नवे कारखाने येत आहेत. आर्थिक वर्ष २०२६ मध्ये यंत्रं आणि बांधकामावर सुमारे २,००० कोटी डॉलर खर्च करू, असं मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये सांगितलं होतं. पण बॉइसीमधल्या नव्या फॅबमधून पहिले वेफर बाहेर पडायला २०२७ चा मध्य उजाडेल, असं तिचं नियोजन आहे.

गुजरातच्या साणंदमध्ये बनणाऱ्या चिपने भाव उतरेल का?

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. जून २०२३ मध्ये मायक्रॉनने साणंदला प्रकल्प जाहीर केला. एकूण गुंतवणूक २७५ कोटी डॉलरपर्यंत, त्यात मायक्रॉनचे स्वतःचे ८२.५ कोटींपर्यंत, बाकी केंद्र आणि गुजरात सरकारची मदत.

पण हा फॅब नाही. वेफर बनतात जपानमध्ये हिरोशिमाला, तैवानमध्ये ताइचुंगला, सिंगापूरला, अमेरिकेत. साणंदला त्या वेफरचे तुकडे करून, पॅक करून, तपासून तयार चिप बनवायचं काम आहे. कामं मिळतील, कौशल्य येईल, आणि ते महत्त्वाचं आहेच. मात्र टंचाई वेफरची आहे, पॅकिंगची नाही. त्यामुळे साणंदमुळे आपल्याकडे रॅम स्वस्त होईल, असं समजू नका.

"शेअर घेऊ का?"

कॉलेजच्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो. मी सल्लागार नाही, त्यामुळे घ्या किंवा नका घेऊ हे सांगणार नाही. फक्त एक जुना आकडा दाखवतो. आर्थिक वर्ष २०१८ मध्ये मायक्रॉनचा निव्वळ नफा होता १,४१४ कोटी डॉलर. तेव्हाही सगळे म्हणत होते की या वेळी चक्र बदललं, क्लाउडमुळे मागणी आता कमी होणार नाही. २०२० मध्ये नफा उरला २६९ कोटी.

अशा धंद्यात नफा सर्वात जास्त असतो तेव्हा शेअर हिशोबात सर्वात स्वस्त दिसतो, कारण आपण आजच्या नफ्याशी किमतीची तुलना करतो. आणि तोटा असतो तेव्हा तो कोणालाच नको असतो. या वेळी एआयमुळे चक्र खरंच लांबेल, असं मानणाऱ्यांकडे कारणं आहेत. पण सॅमसंग, हायनिक्स आणि मायक्रॉन तिघीही क्षमता वाढवत आहेत, हेही विसरू नका. निकाल वाचताना फक्त नफा बघू नका. ग्रॉस मार्जिन कुठे चाललंय, गोदामात साठा वाढतोय का, आणि नव्या कारखान्यांवर किती खर्च होतोय, हे तीन आकडे बघायची सवय लावा.

मावसभावाला काय सांगितलं?

त्याला मी आधी माझ्या कामातला एक किस्सा सांगितला. आम्ही एका ॲपवर काम करत होतो. आमचे टेस्टिंगचे फोन सगळे १२ जीबीचे, ॲप मस्त चालायचं. मग तक्रारी यायला लागल्या की लॉगिनच होत नाही. शोधल्यावर कळलं, लोक ४ जीबीच्या फोनवर ओटीपी बघायला मेसेजमध्ये जायचे, तेवढ्यात अँड्रॉइड मेमरी मोकळी करायला आमचं ॲप मागे बंद करून टाकायचं. परत आले की पुन्हा पहिल्यापासून नंबर टाका. चूक आमची होती, ॲपने नको तेवढी मेमरी धरून ठेवली होती आणि आपली स्थिती जपून ठेवत नव्हतं. आम्ही ते दुरुस्त केलं. पण तेव्हापासून माझा टेस्टिंगचा पहिला फोन ४ जीबीचाच असतो.

म्हणून त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

एक, फोनची रॅम नंतर वाढवता येत नाही, ती आत कायमची बसवलेली असते. फोन चार वर्षं वापरणार असाल आणि मोठे गेम खेळत असाल तर १२ जीबीचा विचार करा. व्हॉट्सॲप, यूट्यूब, यूपीआय, अभ्यास, फोटो एवढंच असेल तर आज ८ जीबी व्यवस्थित पुरते.

दोन, "८ अधिक ८, एकूण १६ जीबी" या जाहिरातीला भुलू नका. त्यातले दुसरे ८ म्हणजे स्टोरेजचा तुकडा रॅम म्हणून वापरणं. वर सांगितलं तसं नँड ही डीरॅमपेक्षा खूप हळू असते.

तीन, हातातला फोन नीट चालत असेल तर फक्त नवा आला म्हणून बदलू नका. बॅटरी गेली असेल तर आधी बॅटरी बदलून बघा. आणि फोन खरंच गरजेचा असेल तर "भाव उतरेल" म्हणून महिनोन्महिने थांबून राहण्यात अर्थ दिसत नाही. नवे कारखाने लगेच सुरू होत नाहीत, हे वरच्या आकड्यांत आपण बघितलं.

त्याने ८ जीबीवाला घेतला आणि उरलेल्या पैशात २५६ जीबी स्टोरेज घेतलं. मी माझ्या लॅपटॉपची रॅम अजून घेतलेली नाही. सध्या ब्राउझरचे टॅब कमी उघडून काम भागवतोय.